चाक फिरव, लॉटी

युद्धाच्या काळात मी अडीच वर्षं बफेलो शहरात ट्राम चालवली आणि एकदाही कुणाला धक्का लावला नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण आता आमच्या शेजारच्या हॅगर्टीबाईंचं मेपलचं रोप आडवं होणार आहे.

ते रोप लावून चारच महिने झाले होते. आमच्या वसाहतीत सगळंच तसं कालपरवाचं. शहर संपतं तिथे आधी कोबीची शेतं होती. युद्धावरून परतलेल्यांच्या घरकर्जाला सरकार हमी द्यायला लागलं आणि दोन उन्हाळ्यांत तिथे एका साच्यातली दीडशे घरं उगवली. प्रत्येक घरापुढे छडीएवढं एक झाड. टेरेस्का, माझी तीन वर्षांची लेक, आमचं घर ओळखायची ते पायरीवर ठेवलेल्या मोडक्या बाहुलागाडीवरून. एकदा मी ती गाडी आत घेतली, तर पोर शेजारच्या घरी जाऊन टेबलाशी बसली आणि सूप मागायला लागली.

तर जानेवारीतला रविवार. बाळ, म्हणजे ओलेक, आणि टेरेस्का हॅगर्टीबाईंकडे. मी गाडीच्या चाकाशी, शेजारी काझिक, माझा नवरा.

"लॉटी, वळण आलं."

"दिसलं."

"लॉटी, वळण."

"दिसलं म्हटलं ना."

मी वेग कमी केला. अगदी हलक्या हाताने, उभ्या माणसाचा तोल जाऊ नये असा. पाठ ताठ ठेवली आणि वाट पाहिली. वळण आलं, शेजारून गेलं, आणि आम्ही सरळ जाऊन हॅगर्टीबाईंच्या अंगणात थांबलो. रोप गाडीखाली होतं.

काझिकने टोपी काढून मांडीवर ठेवली. "चाक का नाही फिरवलंस?"

"मला वाटलं, ती वळेल."

"कोण?"

"गाडी."

काझिक पॅसिफिकमधल्या बेटांवर तीन वर्षं लष्कराचा ट्रक चालवत होता. चिखलातून, ओंडक्यांवरून, एकदा तर अर्ध्या पुलावरून. अशा माणसाला माझं म्हणणं कळणं कठीण. पण ट्रामला वळवायचं चाक नसतं. डाव्या हाताला वेगाची मूठ, उजव्या हाताला ब्रेकची, उजव्या टाचेखाली घंटा. वळायचं कुठे ते रुळांनी ठरवलेलं. आपण फक्त केव्हा हलायचं आणि केव्हा थांबायचं ते बघायचं. पुरुष लढायला गेले तेव्हा ट्राम कंपनीने आम्हाला सहा आठवड्यांत एवढंच शिकवलं, पुरुषांच्या मापाची पँट दिली आणि रस्त्यावर सोडलं. पुरुष परतले तेव्हा केक कापला, आभाराचं पत्र दिलं आणि पँट परत मागितली.

दुसऱ्या रविवारी एक कुत्रा आडवा आला. आडवं काही आलं की टाच आपटून घंटा वाजवायची, हे माझ्या पायात इतकं मुरलेलं की डोक्याला विचारायची वेळच आली नाही. मी टाच आपटली. या गाडीत त्या जागी घंटा नव्हती, वेग होता. कुत्रा वाचला. त्याने मागे वळून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी पुढे फक्त परीक्षा घेणाऱ्या साहेबांची पाहिली.

"तू बसनेच जात जा," काझिक म्हणाला.

पण बस येणार नव्हती, तिथेच तर सगळं अडलं होतं.

माझी आई अजून शहरात, ब्रॉडवे रस्त्याजवळच्या आमच्या जुन्या घरात राहायची. वर ती, खाली भाडेकरू. बाबा गेलेले, गुडघा दुखरा, जिना उभा. बुधवारी आणि शनिवारी मी ट्रामने जायचे. ट्रामचा शेवटचा स्टॉप आमच्या घरापासून बाबागाडी ढकलत दहा मिनिटांवर. कोळसा वर आणून ठेवायचे, बाजार करायचे, आईची बोलणी खायचे आणि संध्याकाळच्या ट्रामने परत. त्या जानेवारीत कंपनीने पाटी लावली. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी आमच्या मार्गावरची शेवटची ट्राम धावेल, सोमवारपासून बस. आणि बस दफनभूमीपाशीच वळून परत जाणार. तिथून आमचं घर तीन मैल, कडेला पायवाटसुद्धा नाही.

माझा थोरला भाऊ फेलिक्स क्लीव्हलंडला असतो. त्याचं पत्र लगेच आलं. 'तुला येणं जमणार नसेल तर आईला एकटी ठेवता येणार नाही. ईस्टरला येतो, घर विकायला काढतो आणि तिला इकडे घेऊन येतो.' फेलिक्स वाईट नाही. त्याच्याकडे आईसाठी खोलीही आहे, खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसतं अशी. 

आईने ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि मग पिएरोगीचं, म्हणजे आमच्या पोलिश करंज्यांचं, पीठ इतकं मळलं की टेबल सरकायला लागलं.

"क्लीव्हलंडमध्ये माझ्या ओळखीचं कोण आहे?"

"फेलिक्स आहे ना."

"त्याला तर मी चाळीस वर्षं ओळखते. नवीन काय बोलणार?" तिने पीठ उलटं केलं. "तू गाडी शिकतेयस म्हणे."

"शिकतेय."

"मग शीक. मला वाफेत गुदमरायला लावू नकोस, ते भांडं उतरव."

फेब्रुवारीअखेर मी परवान्याच्या परीक्षेला बसले. वळणांवर चाक फिरवायचं एव्हाना जमत होतं, काझिक शेजारून "चाक, चाक" म्हणत असला की. पण परीक्षेला काझिक नव्हता. शेजारी टटलसाहेब होते. उंच, बारीक, हातात लाकडी पाटीला लावलेला कागद. नशीब असं की त्यांनी मला जुन्या मार्गाच्याच रस्त्यावर घातलं. मी चारी चाकं अशी रुळांवर धरली की साहेब खूश झाले असावेत. मग मी खाटकाच्या दुकानासमोर थांबले. 

"मिसेस गॅव्लाक, आपण का थांबलो?"

"स्टॉप आहे."

"कुणाचा?"

मी निघाले. पुढे औषधांच्या दुकानाशी थांबले. मग शाळेशी. सात वेळा थांबले, आणि रूळ उजवीकडे वळतात तिथे साहेबांनी डावीकडे वळा म्हटलं तरी उजवीकडेच गेले. कागदावर त्यांनी लिहिलं, 'विनाकारण थांबते. स्वतःच्या मार्गाने जाते.'

काझिकने तो कागद वाचला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. खांदे हलत होते.

"हस, हस. लग्नाआधी कुणी असं लिहून दिलं असतं तर तू सावध झाला असतास."

"तेव्हाही मला ठाऊक होतं," तो म्हणाला आणि ओलेकला माझ्याकडून घेतलं.

त्या बुधवारी आईकडे गेले तेव्हा कागद पर्समध्ये होता. जिन्यातच प्रूटबाई भेटल्या. ओडेसा प्रूट म्हणजे आईच्या खालच्या मजल्यावरच्या भाडेकरू. युद्धात अलाबामाहून नवऱ्यासोबत आल्या. नवरा पोलाद कारखान्यात, त्या विमानाच्या. आता हॉस्पिटलच्या धोबीखान्यात काम करायच्या. त्या घरात आलेली पहिली काळी माणसं तीच. सुरुवातीला आई चर्चमध्ये तोंड आंबट करून फिरायची. आता त्या दोघी दिवसभर जिन्यातून भांडायच्या आणि कुणी तिसऱ्याने मध्ये तोंड घातलं तर दोघी मिळून त्याला खायच्या.

"नापास?" प्रूटबाईंनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पास झालेली बाई जिना असा चढत नाही. आण तो कागद." त्यांनी वाचला. सगळा, तारखेसकट. "हे घर विकलं ना पोरी, तर नवा मालक पहिलं काय करील ते मला ठाऊक आहे. आम्हाला बाहेर काढील. तेव्हा तुझ्या आईवर फार माया आहे म्हणून विचारत नाहीये. तुला शिकवू का?"

"तुम्हाला येते गाडी?"

"मी विमानं ओढायचे. ट्रॅक्टरने, शेडमधून मैदानावर, हिवाळ्यात. एकालाही ओरखडा नाही." त्या थांबल्या. "मलाही केक दिला होता."

वरून घंटा वाजली. आईचा गुडघा धरला तेव्हापासून ती हातातली पितळी घंटा हलवून प्रूटबाईंना वर बोलवायची. दिवसातून पंधरा वेळा. बरणीचं झाकण उघडेना, रेडिओ खरखरतोय, रस्त्यावर कोण भांडतंय ते खिडकीतून नीट दिसत नाही.

प्रूटबाई वर गेल्या आणि घंटा घेऊनच खाली आल्या. वरून आईचा आवाज आला, "ओडेसा, ती माझी आहे."

"तुमच्याच मुलीला देतेय."

त्यांच्या नवऱ्याची जुनी काळी गाडी होती. मुलं आईपाशी ठेवून आम्ही दारूभट्टीमागच्या मोकळ्या मैदानात गेलो. प्रूटबाईंनी ती घंटा सुतळीने चाकाशेजारी बांधली.

"काही आडवं आलं की तुला वाजवायची असते ना? वाजव. हाताने. पाय रिकामा ठेव, त्याला दुसरी कामं आहेत."

किती साधी गोष्ट. काझिक मला महिनाभर सांगत होता की घंटा विसर. ती विसरता येण्यासारखी असती तर मी शिकलेच कशाला असते? प्रूटबाईंनी फक्त तिची जागा बदलली. पहिल्या दिवशी त्या स्वतः गाडीपुढे आडव्या आल्या, हातात पर्स. मी हात मारला, घंटा खणखणली, पाय ब्रेकवर गेला. 

"पुन्हा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या आल्या. असं बावीस वेळा. भट्टीचे कामगार डबे घेऊन भिंतीवर बसले. 

वळायचं मात्र सहज येईना. 

"तू पुढे बघत बसतेस," प्रूटबाई म्हणाल्या. "गाडी मला नेईल म्हणून. तुझ्या ट्रामला ठाऊक होतं कुठे जायचं ते. हिला काही ठाऊक नाही. हिला तू सांगणार." 

"मी काय सांगणार?"

"जायचं कुठे आहे तुला?"

"आईकडे."

"मग तेच सांग."

मार्चभर, दर बुधवारी. एकदा मैदानाला फेऱ्या घालताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या नव्या वसाहतीत एखादं घर रिकामं आहे का गं?"

आमच्या घराच्या कागदांत काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहू नये, असं छापील अक्षरांत, पाणी आणि गटाराच्या कलमांच्या मध्ये. आम्ही सही केली तेव्हा काझिकने ते वाचलं, मीही वाचलं, आणि दोघंही स्वयंपाकघराच्या खिडकीबद्दल बोलायला लागलो होतो. 

मी पुढेच बघत राहिले. चाक हातात तसंच राहिलं.

"मला ठाऊक आहे," प्रूटबाई म्हणाल्या. "तुझं तोंड बघायचं होतं. आता रस्ता बघ, भिंत येतेय."

मी चाक फिरवलं. पुढचा अर्धा तास आम्ही नुसत्या फेऱ्या घातल्या. उतरताना त्यांनी माझ्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं, जरा घट्टच.

झावळ्यांच्या रविवारी शेवटची ट्राम गेली. मी टेरेस्काला घेऊन स्टॉपवर उभी होते. चालवणाऱ्याने टोपी हलवली, घंटा दिली, आणि टेरेस्का दिवसभर टाच आपटत घरात "टिंग, टिंग" करत फिरली. माझीच टाच.

फेलिक्स शुक्रवारी यायचा होता. माझी दुसरी परीक्षा त्याआधी बुधवारी.

पुन्हा टटलसाहेब. त्यांनी मला ओळखलं. गाडीत बसण्याआधी त्यांनी टोपी घट्ट केली. मग आमच्या गाडीत चाकाशेजारी मी बांधून घेतलेली घंटा पाहिली.

"हे काय?"

"हॉर्न बिघडला तर असावी म्हणून."

"निघा."

पुन्हा तोच रस्ता. रूळ अजून तसेच होते, पण त्यांवर बारीक गंज धरायला लागला होता, तीन दिवसांत. खाटकाचं दुकान आलं. डावा हात वेगाची मूठ शोधायला उठला, पण मी थांबले नाही. औषधांचं दुकान. नाही थांबले. शाळा. टटलसाहेब काहीतरी लिहीत होते आणि मला वाटलं, बहुतेक बरंच लिहीत असावेत.

आणि बेकरीच्या कोपऱ्यावर एक म्हातारी भर रस्त्यात उतरली. आमच्याकडे ट्राम अशीच पकडतात. रूळ रस्त्याच्या मधोमध, म्हणून लांबून ट्राम दिसली की माणसं पदपथावरून उतरून रुळांशी जाऊन उभी राहतात आणि हात वर करतात. ट्राम बंद झाल्याचं तिला कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असेल आणि तिला पटलं नसेल. डोक्याला रुमाल, हातावर टोपली. रुळांच्या अगदी कडेला हात वर करून उभी.

टाच उचललेली मला आठवते. मग हात. घंटा खणखणली, टाच खाली आली ती ब्रेकवर, आणि गाडी इतकी अलगद थांबली की टटलसाहेबांची पेन्सिलसुद्धा घसरली नाही. मागच्या दाराची मूठ बरोबर म्हातारीच्या हाताशी. अडीच वर्षं मी दुसरं केलं काय होतं?

म्हातारीने दार उघडलं, आत बसली, टोपली मांडीवर घेतली. 

"घंटा ऐकली म्हणून कळलं," ती म्हणाली. "लहान झाली वाटतं ट्राम. मार्केटला उतरव."

टटलसाहेब मागे वळले. "बाई, ही परीक्षेची गाडी आहे."

"माझ्याकडे बदलीचं तिकीट आहे," म्हातारीने कागदाचा कपटा पुढे केला. "आताच दुसऱ्या ट्राममधून उतरले. बघून घ्या."

साहेबांनी तो कपटा हातात घेतला आणि खरंच बघितला. मला वाटतं, सरकारी माणसाला कागद दिला की तो वाचल्याशिवाय राहवत नाही. मग त्यांनी तो तिला परत केला आणि समोर पाहिलं.

"मार्केट कुठल्या बाजूला?"

"डावीकडे," मी म्हणाले. आवाज बारीक झाला, कारण त्या चौकात रूळ उजवीकडे जात होते. गेल्या वेळी याच चौकात मी स्वतःच्या मार्गाने गेले होते.

"मग डावीकडे घ्या."

चौक जवळ आला. चाकं रुळांवर इतकी गुळगुळीत धावत होती की सोडवेना. मागून म्हातारी म्हणाली, "ईस्टरचं लोण्याचं कोकरू घ्यायचंय, संपून जाईल." जायचं कुठे आहे तुला? मी चाक डावीकडे फिरवलं. रूळ ओलांडताना गाडीला दोन लहान गचके बसले, मग रस्ता साधा झाला, आणि आम्ही मार्केटसमोर होतो. 

म्हातारी उतरली आणि खिडकीतून टटलसाहेबांकडे बोट दाखवत मला म्हणाली, "कंडक्टर चांगला आहे. जरा हसायला शिकव त्याला."

टटलसाहेब हसले नाहीत. त्यांनी कागद भरला आणि माझ्या हातात दिला. पास. खाली लिहिलं होतं, 'सकारण थांबते.'

मी बेकरीतून आईला फोन केला, म्हणजे तिच्या कोपऱ्यावरच्या दुकानात केला आणि तिथल्या माणसाने खिडकीखाली जाऊन ओरडून सांगितलं. तिने उत्तर धाडलं, "कळलं. येताना मिरी आण."

शनिवारी काझिक कारखान्यातल्या दोस्ताच्या गाडीतून कामावर गेला. तसं त्यांचं आता ठरलंच होतं, बुधवार आणि शनिवार. मी मुलांना मागे बसवलं आणि एकटी निघाले. आईच्या दारात फेलिक्स उभा होता, शेजारी आईची मोठी पेटी, दोरीने बांधलेली. पेटी बघून मी गाडी बंद करायचीच विसरले.

"तू चालवत आणलीस?" फेलिक्स म्हणाला. "पण लॉटी, एकदा येणं वेगळं आणि दर आठवड्याला..."

"पेटी गाडीत ठेव," आई जिन्यातून म्हणाली. प्रूटबाईंच्या दंडाला धरून ती एकेक पायरी उतरत होती. हातात टोपली, पांढऱ्या कापडाने झाकलेली, चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायची. अंडी, सॉसेज, मुळा, आणि वर साच्यात थापलेलं लोण्याचं कोकरू, डोळ्यांच्या जागी मी आणलेल्या मिऱ्या लावायला रिकामं तोंड वर करून बसलेलं.

आईने गाडीला एक फेरी मारली. मग कोकरू फेलिक्सच्या हातात दिलं, त्याला पुढे बसवलं आणि स्वतः मागे मुलांच्या मधोमध बसली. माझ्या खांद्यावरून तिचा हात पुढे आला. हातात ट्रामचं टोकन.

युद्धात ती माझ्याच ट्रामने मार्केटला जायची आणि दर वेळी टोकन टाकायची. 'आई घरी, इथे प्रवासी,' म्हणायची.

"ट्राम बंद झाली, आई."

"मग याचं काय लोणचं घालू? घे."

मी घेतलं. 

"आधी चर्च," ती म्हणाली. "मग स्टेशन. फेलिक्सची साडेतीनची गाडी आहे."

फेलिक्सने मान वळवली. "आपल्या दोघांची, आई. तुझी पेटी..."

"पेटी तुझी. माझे कपडे बुधवारीच तिच्यातून बाहेर काढले मी, या पोरीचा निरोप आला तेव्हा. रिकामी कशी पाठवायची, म्हणून तुझ्या बाबांचे कोट भरलेत. तुला खांद्यात बसतील, पोटात बघ."

फेलिक्स पुन्हा पुढे वळला. मग म्हणाला, "तो तपकिरी पण?"

"तो पण."

प्रूटबाई पायरीवर हात बांधून उभ्या होत्या. "माझी घंटा ठेव तुझ्याकडेच," त्या म्हणाल्या.

"तिची नाही, माझी," आई म्हणाली.

आम्ही निघालो. मागे टेरेस्काने टाच आपटली आणि "टिंग" म्हटलं. कोपरा जवळ आला, रूळ सरळ पुढे गेले. मी चाक फिरवलं. फेलिक्सने कोकरू सांभाळलं.